चार सीडी एकदम लावा: 'झायरीका' नावाचा अल्बम समजून घेताना

१९९७ सालच्या ऑक्टोबरात 'द फ्लेमिंग लिप्स' या अमेरिकन रॉक बँडचा 'झायरीका' हा अल्बम बाजारात आला. आत चार सीडी. चार सीडींचे संच आपल्याकडेही पुष्कळ निघायचे, पण ते एकामागून एक ऐकायचे असत. इथे चारही सीडी चार वेगळ्या प्लेअरमध्ये घालून एकाच क्षणी सुरू करायच्या होत्या. प्रत्येक सीडीवर तीच आठ गाणी, त्याच क्रमाने, मिळून साधारण पाऊण तासाची. मात्र प्रत्येक गाण्याचे हिस्से करून ते चार सीडींवर वाटलेले. एकीवर गाणाऱ्याचा आवाज पुढे, दुसरीवर ड्रम, तिसरीवर नुसतीच घरघर, आणि ही वाटणीही गाण्यागणिक बदलणारी. पूर्ण गाणं कुठल्याच सीडीवर नाही. ते तयार होतं चार प्लेअरच्या मधल्या जागेत, म्हणजे तुम्ही जिथे बसला असाल तिथे.

हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी एरवीचा अल्बम कसा बनतो ते बघावं लागतं, कारण 'झायरीका'ने मोडलेली गोष्ट आपल्याला एरवी दिसतच नाही.

मुंबईत सिनेमाची गाणी एके काळी कशी रेकॉर्ड व्हायची याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसायचे, गायिका एका बाजूच्या छोट्या खोलीत, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात व्हायचं. व्हायोलिनवाल्यांपैकी एकाचा जरी सूर चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुढे मल्टिट्रॅक आलं. एकाच रुंद टेपवर शेजारी शेजारी अनेक पट्ट्या, आठ, सोळा, चोवीस, आणि प्रत्येक पट्टीवर एकेक वाद्य स्वतंत्र. आज ड्रम वाजवा, पुढच्या आठवड्यात गिटार, महिन्याने गायक येईल. चुकलं तर तेवढंच पुन्हा. रॉक बँडचा स्टुडिओ अल्बम म्हणतात तो असा तुकड्यातुकड्यांनी रचलेला असतो. मंचावर जे वाजतं त्याची ती नोंद असतेच असं नाही, आणि कित्येकदा ते मंचावर वाजवणं शक्यही नसतं.

मग येतं मिक्सिंग. चोवीस पट्ट्या श्रोत्याला देता येत नाहीत, कारण त्याच्या घरी स्पीकर दोन, डावा आणि उजवा. म्हणून मिक्सिंग करणारा माणूस दिवसचे दिवस बसून ठरवतो की तबला किती पुढे, गाणारी किती मध्यभागी, बासरी डावीकडून की उजवीकडून. चोवीसच्या दोन पट्ट्या होतात आणि त्या कायमच्या गोठतात. तुम्ही ते गाणं गिरगावात ऐका नाहीतर गोरेगावात, बासरी डावीकडूनच येणार. हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो हेही आपल्याला जाणवत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला आहे.

'झायरीका'ने हा शेवटचा टप्पा अर्धवट सोडला, आणि तोही मुद्दाम. चार सीडी, प्रत्येकीचे दोन, असे आठ भाग श्रोत्याच्या हातात दिले. कोणता प्लेअर खिडकीशी, कोणता स्वयंपाकघराच्या दाराशी, कोणाचा आवाज मोठा, कोणाचा बारीक, हे तुम्ही ठरवायचं. चारांपैकी एक, दोन किंवा तीनच लावल्या तरी चालतं. हिशोब केला तर एकेका गाण्याची पंधरा रूपं निघतात, आणि खोली बदलली की ती पंधराही वेगळी.

आता कोणी म्हणेल, आठ भागच द्यायचे होते तर त्यासाठी एखादं यंत्र का नाही घेतलं? सत्तरच्या दशकात चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक तबकड्या निघाल्या होत्या. त्यांना खास यंत्र लागायचं, कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि लोकांनी काही त्या घरात आणल्या नाहीत. १९९७ मध्ये डीव्हीडी नुकती कुठे बाजारात येत होती. साधा सीडी प्लेअर मात्र अमेरिकेत घरोघरी होता. एका घरात चार नसतील, पण चार मित्रांकडे मिळून चार नक्की असतात. सगळ्यात सामान्य यंत्र चौपट वापरायचं, ही या कल्पनेतली खरी हुशारी. तिचा आणखी एक परिणाम झाला, ज्याबद्दल मला तांत्रिक भागापेक्षाही जास्त कौतुक आहे: चारही सीडींसकट हा अल्बम एकट्याने नीट ऐकताच येत नाही. हेडफोन लावून लोकलच्या दारात उभं राहून ऐकायचं संगीत वेगळं. हे ऐकायचं तर चौघांना फोन करून वेळ ठरवावी लागते.

बँडविषयी थोडक्यात. १९८३ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सुरुवात, पहिले काही अल्बम छोट्या स्वतंत्र कंपनीकडून, मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीशी करार. १९९३ च्या अल्बममधलं एक गाणं रेडिओवर चाललं. १९९६ मध्ये गिटारवादक रोनाल्ड जोन्स बाहेर पडला आणि तिघे उरले: गाणारा आणि कल्पना काढणारा वेन कॉइन, बास वाजवणारा मायकल आयव्हिन्स, आणि हाताला लागेल ते वाजवू शकणारा स्टीव्हन ड्रोझ्ड. गिटारवाला गेला की रॉक बँड सहसा दुसरा गिटारवाला शोधतो. या तिघांनी शोधली पार्किंगची जागा.

कॉइनच्या डोक्यात एक जुनी आठवण होती. सत्तरच्या दशकात एका कार्यक्रमाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांमधून रेडिओवर एकच गाणं एकाच वेळी वाजत होतं, आणि चहूबाजूंनी येणारा तो आवाज त्याला भारी वाटला होता. १९९६ पासून त्याने हे मुद्दाम करून बघायला सुरुवात केली. लोकांना आपापल्या गाड्या घेऊन बोलवायचं, प्रत्येकाला वेगळ्या आवाजांची एकेक कॅसेट द्यायची, आणि इशारा केला की सगळ्यांनी एकदम डेक सुरू करायचे. दारं उघडी, आवाज पूर्ण. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट या संगीत महोत्सवातही हा प्रयोग झाला. नंतर गाड्यांच्या जागी स्वयंसेवक आले, आपण ज्यांना टू-इन-वन म्हणायचो ते रेडिओ-कॅसेट प्लेअर मांडीवर घेऊन बसलेले, आणि समोर हातवारे करणारा कॉइन. 'झायरीका' ही याच खटाटोपाची घरात मावेल अशी आवृत्ती. अल्बमच्या कामात डेव्ह फ्रिडमन हा निर्माता बँडबरोबर होता. बँडने १९९९ मध्ये काढलेला आणि पुढे फार नावाजला गेलेला 'द सॉफ्ट बुलेटिन' याच काळातल्या कामातून वर आला.

आता मुख्य भानगड. चार प्लेअर एकदम सुरू करणं म्हणजे नेमकं काय? आणि सुरू झाले तरी ते एकत्र राहतात का? तर राहत नाहीत. तीन कारणं आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत.

पहिलं कारण बोटाचं. चार माणसं इशाऱ्यावर बटण दाबतात तेव्हा त्यांच्यात सेकंदाचा दहावा भाग इकडेतिकडे सहज होतो. शिवाय बटण दाबल्यावर सीडी फिरायला लागणं, लेझरने जागा शोधणं, याला प्रत्येक मशीनला वेगळा वेळ लागतो. एखादं अर्ध्या सेकंदात सुरू होतं, एखादं दोन सेकंद विचार करतं. यावर उपाय साधा: चारही सीडी सुरू करून पहिल्या गाण्याच्या तोंडाशी पॉजवर ठेवायच्या आणि मग पॉज एकदम सोडायचा. सीडी आधीच फिरत असते, त्यामुळे मशीनचा आळस बराच कमी होतो.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे आणि ते यंत्राच्या पोटात आहे. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे. हे आकडे बरोबर त्याच वेगाने वाचले जावेत म्हणून प्लेअरमध्ये क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक असतो, ठरावीक गतीने कंप पावणारा. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात असतो त्याचाच हा भाऊबंद. आता घरातली चार घड्याळं एका दिवशी सेकंदाला सेकंद जुळवून लावा आणि दोन महिन्यांनी बघा. एक पुढे, एक मागे, आणि स्वयंपाकघरातलं तर कधीच भरवशाचं नसतं. सीडी प्लेअरचं तसंच होतं. समजा, दोन प्लेअरच्या गतीत दहा हजारात एक एवढाच फरक आहे. पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी दोघांमध्ये तीस मिलिसेकंदांचं (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) अंतर पडेल, जे कानाला जवळजवळ कळत नाही. पण मध्ये न थांबता सगळा पाऊण तास चालू ठेवलं तर तेच अंतर पाव सेकंदाच्या वर जातं. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. एकाचा ठोका पडतो तिथे दुसऱ्याची पोकळी. तबलजी आणि गवई असे सुटले तर मैफलीत माना खाली जातात.

तिसरं कारण हवेचं. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ऐकायला वेगवान वाटतो, पण शिवाजी पार्कवर मोठ्या सभेला मागे उभे राहिला असाल तर तो किती रेंगाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मंचाजवळच्या स्पीकरमधून निघालेला शब्द शंभर मीटरवर पोचायला सुमारे तीनशे मिलिसेकंद घेतो, तर तुमच्या शेजारच्या खांबावरच्या भोंग्यातून तोच शब्द आधीच कानात शिरलेला असतो. म्हणून 'बंधू आणि भगिनींनो' दोनदा ऐकू येतं, कधी तीनदा. साउंडवाले मुरलेले असतील तर मागच्या स्पीकरांना मुद्दाम तेवढाच उशीर लावतात, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि जवळचा आवाज एकत्र पोचतात. त्याला ते सरळ 'डिले देणं' म्हणतात. नसतील मुरलेले तर भाषण ऐकून घरी आल्यावरही डोकं भणभणतं.

मग खोलीत काय होतं? दहा बाय बाराच्या खोलीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आवाज दहा-अकरा मिलिसेकंदांत जातो. एवढा फरक कान माफ करतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये हे मोजून मांडलं: एकच आवाज दोन ठिकाणांहून तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आला तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, आणि तो जिकडून आधी आला तिकडूनच आल्यासारखा वाटतो. त्यापलीकडे गेलं की प्रतिध्वनी सुरू. म्हणजे मुंबईतल्या घराच्या आकाराचा कुठेतरी फायदा झाला म्हणायचा. मोठ्या पार्किंगमध्ये तीस मीटरवरच्या गाडीचा आवाज ही मर्यादा ओलांडून जातो. वन रूम किचनमध्ये हवेमुळे होणारा उशीर नगण्य, भांडण फक्त बोटांचं आणि स्फटिकांचं.

एक बारकावा मात्र छोट्या खोलीतही सुटत नाही. दोन सीडींवर जेव्हा अगदी तोच सूर असतो, आणि एक दुसरीच्या फक्त एक मिलिसेकंद मागे असते, तेव्हा काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज म्हणजे हवेचा दाब वाढणं आणि कमी होणं. एकीकडून दाब वाढत असताना दुसरीकडून कमी होत असेल तर कानाशी बाकी शून्य. एक मिलिसेकंदाच्या फरकाला ५०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा कंप पावणारा, सूर असा गळतो, मग १,५०० चा, मग २,५०० चा. उरलेला आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा. आणि एक मिलिसेकंद म्हणजे हवेत फक्त ३५ सेंटीमीटर, फुटाहून जरासं जास्त. तुम्ही सोफ्यावर डावीकडे कललात तरी गळणारे सूर बदलतात. शेजारी बसलेल्या माणसाला वेगळं ऐकू येतं आणि तो शपथेवर सांगतो की तुम्ही म्हणता तो सूर वाजलाच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

बँडला हे सगळं माहीत होतं. चार कॅसेट डेक एकत्र राहत नाहीत हे पार्किंगमध्ये गाड्या जमवणाऱ्या माणसाला कोणी सांगायची गरज नसते. म्हणून 'झायरीका'तलं संगीत हे सुटणं गृहीत धरून रचलेलं जाणवतं. पुष्कळ ठिकाणी लांबवलेले सूर आहेत, गोंगाटाचे ढग आहेत, एकमेकांवर आदळणारे आवाज आहेत, ज्यांची गाठ दहा मिलिसेकंद इकडेतिकडे पडली तर बिघडत नाही. जिथे ड्रम चारही बाजूंनी येतात तिथे मात्र घसरण उघडी पडते, आणि मला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. एक ठोका पडतो, त्याच्या मागे तीन सावल्या. पुढच्या वेळी लावाल तेव्हा त्या सावल्या वेगळ्या क्रमाने पडतील. आपल्याकडे समेवर येण्याला केवढी दाद मिळते! इथे समेवर कोणीच एकत्र येत नाही, आणि मजा त्यातच आहे. शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. माझ्या एका काकांना अजून पचलेलं नाही.

अशा यंत्रांच्या घसरणीवर संगीत उभं करणारे हे पहिलेच नव्हेत. १९५१ मध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने बारा रेडिओ आणि चोवीस माणसं घेऊन एक रचना केली होती. प्रत्येक रेडिओवर दोघे, एक स्टेशन फिरवणार, दुसरा आवाज. त्या वेळी त्या शहरात हवेत जे असेल ते वाजणार. १९६५ मध्ये स्टीव्ह राइश या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराने बोलण्याच्या एकाच तुकड्याच्या दोन टेप दोन मशीनवर गोल गोल चालवल्या. त्या हळूहळू एकमेकींपासून सरकल्या आणि त्या सरकण्यातून नवेच ठेके ऐकू येऊ लागले, तेव्हा त्याने ते सरकणंच रचनेचा कणा केलं. फरक इतकाच की केज आणि राइश यांचं संगीत सभागृहात, जाणकारांसमोर वाजलं. 'झायरीका' बड्या कंपनीने दुकानात ठेवला, इतर रॉक अल्बमच्या शेजारी.

सहाव्या गाण्यासाठी एक इशाराही छापलेला आहे: यात एरवीच्या रेकॉर्डवर नसतात इतके उंच आणि इतके खालचे आवाज आहेत आणि क्वचित कोणाला गरगरल्यासारखं होऊ शकतं. यात थोडी जाहिरातबाजी आहे असं मला वाटतं, पण मागचं विज्ञान खोटं नाही. फार उंच सूर मोठ्या वयात ऐकू येईनासे होतात, लहान मुलांना आणि कुत्र्यांना मात्र येतात. सीडी साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज धरू शकते, कारण सेकंदाला घेतलेल्या नोंदींच्या निम्म्यापर्यंतच सूर पकडता येतो. दुसऱ्या टोकाला, अगदी खालचे सूर ऐकू येण्याऐवजी छातीत जाणवतात. २० हर्ट्झच्या लाटेची लांबी सतरा मीटर, म्हणजे आपल्या खोल्यांपेक्षा किती तरी मोठी. लहान स्पीकरला हे जमत नाही. त्यामुळे साध्या टू-इन-वनवर ऐकणाऱ्यांनी त्या इशाऱ्याला घाबरायचं कारण नाही, पण आवाज बेतानेच वाढवावा.

आम्ही हा अल्बम पार्ल्याच्या एका मित्राकडे लावला, इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. सीडी त्याच्या मामेभावाने अमेरिकेहून आणलेल्या. प्लेअर जमवणं हेच मोठं काम, कारण आता सीडी कोण ठेवतो! काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं जुनं दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. एक नव्वदच्या दशकातला कॉम्बो निघाला, माळ्यावरून, अजून प्लॅस्टिक न काढलेल्या रिमोटसकट. एक डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडलेला. एका जुन्या लॅपटॉपला तारेचे स्पीकर लावले. चौथा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंड हँड, ज्याचं झाकण रबरबँडने बांधून ठेवावं लागत होतं. चार मशीनला चार प्लग, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड फ्रिजच्या मागून ओढला. कॉम्बो बेडरूमच्या दारात ठेवला, डीव्हीडी जागेवरच, लॅपटॉप देवघराखाली आणि रबरबँडवाला गॅलरीत.

तिसऱ्या गाण्याला शेजारच्या काकू दारात.

"अरे, एकच गाणं चार ठिकाणी का लावलंय?"

"एकच नाहीये काकू, चार वेगळी आहेत. मिळून एक होतं."

"मग होईपर्यंत दार लावून घ्या."

पण त्या गेल्या नाहीत. गॅलरीतल्या प्लेअरजवळ जाऊन उभ्या राहिल्या, मग बेडरूमच्या दाराशी, आणि म्हणाल्या की तिकडे बाई रडल्यासारखं येतंय आणि इकडे काहीच नाही. आम्ही सोफ्यावर बसून राहिलो होतो आणि अल्बम कसा ऐकायचा ते त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं: फिरत. प्रत्येक मशीनच्या जवळ गेलं की गाण्याचा तो हिस्सा मोठा होतो. मिक्सिंगच्या टेबलावरचं बटण सरकवण्याऐवजी आपणच सरकायचं. शेवटच्या गाण्यात सगळीकडून कुत्री भुंकायला लागतात, तेव्हा खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं आणि काही क्षण कुठलं कुत्रं कुठल्या सीडीवरचं ते सांगता येईना.

त्या काळच्या समीक्षकांपैकी सगळ्यांना हे पटलं नव्हतं. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या अमेरिकन संकेतस्थळाने या अल्बमला दहापैकी चक्क शून्य दिलं. मला तो निकाल टोकाचा वाटतो, पण त्यामागची चीड कळते. गाणी म्हणून पाहिलं तर आठपैकी सगळीच काही थोर नाहीत. चौथ्या गाण्याच्या नावात भारत आहे म्हणून आपली उत्सुकता उगाच चाळवते, आणि ते गाणं लांबतच जातं. एकच सीडी एकटी लावली तर बराच वेळ ओसाड वाटतो. 'द सॉफ्ट बुलेटिन' ऐकल्यावर लक्षात येतं की याच लोकांना नेटकी, डोळ्यात पाणी आणणारी गाणीही करता येत होती. 'झायरीका'ला त्या मापाने तोलू नये. हा अल्बम एखाद्या नाटकाच्या संहितेसारखा वाचावा, म्हणजे प्रयोग तुम्ही करायचा आहे.

इंटरनेटवर लोकांनी चारही सीडी एकत्र करून दोन स्पीकरसाठी केलेली मिश्रणं सापडतात. चव कळायला ठीक आहेत. पण त्यात चार घड्याळांची घसरण नाही, खोली नाही, आणि बासरी पुन्हा कायमची डावीकडे. २०१३ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवशी, याच अल्बमच्या चार तबकड्या निघाल्या. टर्नटेबलच्या गतीत सीडी प्लेअरपेक्षा कितीतरी जास्त फरक असतो, तेव्हा त्या एकत्र ठेवणं हा आणखी वरच्या इयत्तेचा खेळ.

तुम्हाला करून बघायचं असेल तर घरातला धूळ खात पडलेला डीव्हीडी प्लेअर सीडी वाजवतो हे लक्षात ठेवा. ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्यात आवाज पोचायलाच शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात आणि प्रत्येक कंपनीचा उशीर वेगळा, त्यामुळे सुरुवातीलाच सगळं फिसकटतं. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. तारेचे स्पीकर बरे. पहिल्यांदा दोनच सीडी लावा, म्हणजे कान तयार होतो. प्रत्येक गाण्यानंतर चौघांनी पॉज करून पुन्हा एकत्र सुरू केलं तर घसरण गाण्यापुरतीच राहते. न थांबता ऐकलंत तर शेवटच्या गाण्यापर्यंत मस्त विस्कटते, आणि दोन्ही करून बघण्यासारखं आहे. रात्री दहानंतरचा नियम लाउडस्पीकरांसाठी असला तरी शेजारी तो चार प्लेअरलाही लावतात, तेव्हा आठच्या सुमारास बसावं. आणि 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर बटण तीनला सोडायचं की तीननंतर, हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे दोघांचं एक मत होतं आणि दोघांचं दुसरं.